अण्णांचा स्प्लिट

आमच्या शेजारचे साळुंखे अण्णा तुमच्या घरी पहिल्यांदा आले, तर ते तुमच्याकडे बघणार नाहीत. तुमच्या भिंतीकडे बघतील. दारात चपला काढून दोन पावलं आत आले की मान वर करतील, छत आणि भिंत जिथे मिळतात तिथून नजर सावकाश खाली आणतील, आणि घरात कुणी आजारी असल्यासारख्या हलक्या आवाजात विचारतील, "ही कवापास्नं हाय?"

"ही" म्हणजे भेग. पण आम्ही साताऱ्यात बिऱ्हाड थाटलं त्या पहिल्या दिवशी आम्हाला हे कुठलं माहीत असायला! मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, अण्णा माझ्या डोक्याच्या वर कुठेतरी बघत म्हणाले, "ही कवापास्नं हाय?" आणि आमच्या ह्यांनी अगदी सरळ मनानं उत्तर दिलं, "झाली की आठ वर्षं."

"आठ वर्षं? आन तुमी काय केलं न्हाई?"

"काय करणार?" आमचे हे म्हणाले. त्या उत्तराचा हिशोब मी नंतर चुकता केला, तो इथे सांगण्यासारखा नाही.

मग अण्णांनी कानावरची पेन्सिल काढली, माझं स्टूल ओढलं, त्यावर चढून भेगेच्या टोकाशी एक आडवी रेघ मारली आणि शेजारी बारीक अक्षरात तारीख लिहिली. "रेघंच्या खाली उतरली तर मला हाक मारायची. घाबरायचं न्हाई. केसभेग हाय." पुढे आम्हाला कळलं की भेगांच्या तीन जाती असतात. केसभेग, सुतळीभेग आणि बोटभेग. पहिलीला तारीख लिहायची, दुसरीला काच लावायची आणि तिसरी दिसली की चहा न पिता घराबाहेर पडायचं.

अण्णा मूळचे पाटणकडचे. सगळी नोकरी कोयनानगरला, वसाहतीच्या इमारतींच्या देखभालीत गेली. सदुसष्टच्या भूकंपानंतर त्यांना जे काम मिळालं ते निवृत्तीपर्यंत पुरलं. घरोघरी जाऊन भेगा बघायच्या, भेगेवर आडवी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवायची आणि दर आठवड्याला जाऊन ती काच तडकली का बघायचं. काच शाबूत, तर भेग जुनी आणि निवांत. काच तडकली, तर भिंत अजून हलते आहे. इतकं साधं आणि इतकं पक्कं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. मी शाळेत गणित शिकवते. माझ्या मुलींच्या डोक्यात काय हलतंय हे कळायला अशी एखादी काच असती तर किती बरं झालं असतं, असं माझ्या मनात नेहमी येतं.

निवृत्त होऊन ते साताऱ्याला आले, पण काम काही सुटलं नाही. आमच्या गल्लीत पेन्सिलीची तारीख नसलेलं घर राहिलं नाही. रंगारी सुद्धा त्या तारखा वगळून रंग द्यायला शिकले होते.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र एकही भेग नव्हती, कारण एकही खिळा नव्हता. "भिताडाला ठोका मारायचा न्हाई," हा घरातला पहिला नियम. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं. घड्याळ रेडिओच्या डोक्यावर. आईवडिलांचा फोटो ट्रंकेवर टेकून ठेवलेला, त्यामुळे ट्रंक उघडायची झाली की आधी त्यांना उचलून खाटेवर निजवायचं. मला हे सगळं फार आवडायचं. मी कारण काढून जायची, साखर मागायला म्हणून जायची आणि साखर विसरून परत यायची.

आणि दुसरा नियम, दार लावायचं नाही. कुठलंच. दिवसा नाही, रात्री नाही, थंडीत नाही. प्रत्येक दाराला एक वीट लावून ठेवलेली. न्हाणीघराला पडदा, आणि आत माणूस असला की त्यानं मधूनमधून तांब्या वाजवायचा. एकदा गल्लीत चोर आला, त्यानं दोन घरं फोडली, पण अण्णांच्या सताड उघड्या दारातून आत शिरायचा त्याला धीर झाला नाही. गल्लीतलं तपकिरी कुत्रं तेवढं आपल्या हक्कानं त्यांच्या उंबऱ्यावर झोपायचं.

या घरात सुमनकाकी सुखानं राहत होत्या. अण्णांच्या बायकोला नियम जाचत असतील असं मला आधी वाटलेलं. पण त्या हसून म्हणायच्या, "आवं, ठोकायला खिळा लागतो, लावायला कडी लागती. मला दोनीचा कटाळा." मूलबाळ नव्हतं. दोघांनी मिळून घर असं हलक्या हातानं वापरलेलं होतं.

काकींना नसांचं कसलंसं दुखणं होतं. हिवाळ्यात त्या चालत्याफिरत्या असायच्या. मार्च उलटला की पाय जड व्हायचे, आणि वैशाखात तर खोलीतून पडवी ओलांडून स्वयंपाकघरात जायचं म्हणजे चार ठिकाणी थांबायचं. दर उन्हाळ्याला एक ठिकाण वाढत होतं. त्या फेब्रुवारीत अण्णा त्यांना मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळं तपासून सांगितलं की शरीर तापलं की या नसा काम सोडतात, औषधं चालू राहू देत, पण उन्हाळ्याच्या दुपारी यांना बंद, गार खोलीत ठेवा. कूलरनं भागणार नाही, एसीच बसवा. नाहीतर एखाद्या उन्हाळ्यात पाय जातील ते परत येणार नाहीत.

आमच्या गल्लीत तोवर एसी कुणी पाहिलेला नव्हता. अण्णांनी येताना सांगलीच्या दुकानातून एक इंग्रजी पुस्तिका आणली आणि थेट माझ्याकडे आले. "बाई, हे वाचून दावा."

मी वाचायला बसले. एसी दोन प्रकारचे, एक विंडो. अण्णांनी लगेच हात वर केला. "खिडकी अडवायची न्हाई. खिडकी म्हंजे दुसरं दार हाय." बरं, मग दुसरा, स्प्लिट.

"काय?"

"स्प्लिट."

अण्णांचा चेहरा पडला. नोकरीभर साहेबांचे इंग्रजी अहवाल त्यांनी पोचवलेले होते. जे मोजके इंग्रजी शब्द त्यांना येत होते ते सगळे भिंत फुटण्याचेच होते. "स्प्लिट मला ठावं हाय," ते म्हणाले. "उभी फुटली की ल्ह्यायचे सायेब. म्हंजे मी पदरचे पैशे घालून घरात भेग आणायची व्हय?"

मी समजावलं की इथे भिंत फुटत नाही, यंत्राचे दोन भाग असतात. गार हवा देणारा आत, तापणारा बाहेर, मध्ये तांब्याच्या नळ्या.

"नळ्या जात्यात कुठनं?"

"भिंतीला एक भोक पाडतात. छोटंसं. वीतभर सुद्धा नाही."

अण्णांनी माझ्या भिंतीकडे बघितलं. मग त्यांनी मला शंभर प्रश्न विचारले. गॅस कसला, पाणी कुठे पडतं, वीज कमीजास्त झाली तर काय, बाहेरचा भाग किती हादरतो. मी पुस्तिका उलटसुलट करून सगळी उत्तरं दिली. दारं-खिडक्या बंद ठेवाव्यात, असंही एक वाक्य तिथे होतं. डॉक्टर 'बंद खोली' म्हणाले होते, पण अण्णांच्या कानांनी त्यातला 'बंद' घेतलाच नव्हता, आणि मला ते वाक्य इतकं उघड वाटलं की मी वाचून दाखवलं नाही. शिकवणाऱ्याची ही जुनी खोड आहे.

मार्चअखेर सांगलीहून सिद्राम नावाचा मेकॅनिक सामान घेऊन आला. पन्नाशीचा, भरघोस मिशांचा, आपल्या कामाचा अभिमान असलेला माणूस. संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं म्हणून सकाळीच छिन्नी-हातोडा काढून भिंतीशी उभा राहिला. तो परत गेला तिसऱ्या दिवशी.

"ठोका न्हाई, गड्या," अण्णा म्हणाले.

"ठोक्याशिवाय भोक कसं पडतंय हो?"

"बस तू. चा घे."

अण्णांनी बोटाच्या पेरानं भिंत वाजवत एक वीट निवडली. जुन्या मोठ्या खिळ्याचं टोक घासून घेतलं आणि त्या विटेच्या चारी बाजूंचा दर्जा, म्हणजे सांध्यातला चुना, खरवडायला बसले. चुना भुरूभुरू खाली पडत होता, अण्णा मधूनच फुंकर घालत होते, सिद्राम चहावर चहा पीत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती वीट अख्खी, एक कोपरा न दुखावता, बाहेर आली. अण्णांनी ती कागदात गुंडाळून खाटेखाली ठेवली. एसी कधी काढायचा झाला तर परत बसवायला. बाहेरचा भाग पडवीच्या कोपऱ्यात जमिनीवर बसला. राहिलेली मोकळी जागा नळ्या घालून झाल्यावर अण्णांनी इतक्या हळुवारपणे बुजवली की मला माझ्या नणंदेच्या बाळाचं न्हाऊ-माखू आठवलं.

"आता आतला भाग स्क्रूवर लटकवायचा," सिद्राम म्हणाला.

"लटकवायचा न्हाई."

"मग काय हवेत सोडायचा काय हो अण्णा?"

अण्णांनी परसातल्या मोडक्या मच्छरदाणीवाल्या पलंगाचे चार उंच सागवानी खांब आणले, आडव्या पट्ट्या जोडल्या आणि पुरुषभर उंचीचा एक घोडा उभा केला. एसी त्यावर बसला. भिंतीला टेकून, पण भिंतीला न धरता. गल्लीत बातमी पसरली की साळुंख्यांच्या एसीला पाय आहेत. लोक रांग लावून बघून गेले. सिद्राम आधी चिडला, पण पाणी जायच्या नळीचा उतार अण्णांनी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं तपासून "पाव इंच चढ हाय रं हिथं" असं दाखवून दिलं तेव्हा त्यानं हात जोडले. "माझ्या सासऱ्यानं पण मला एवढं तपासलं नव्हतं," तो मला म्हणाला.

तिसऱ्या दिवशी नारळ फुटला. रस्त्याच्या पलीकडच्या दगडावर, घराला ठोका नको म्हणून. बटण दाबलं. घोड्यावरून गार वारा आला. काकींनी डोळे मिटून घेतले आणि "आगं बया" एवढंच म्हणाल्या. गल्ली टाळ्या वाजवायच्या बेतात होती.

"आता दार लावा," सिद्राम म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी पुस्तिकेकडे.

"दार कशापायी?"

"दार लावल्याशिवाय खोली गार कशी होणार हो? सगळी गल्ली गार करायची काय?"

"दार लावायचं न्हाई," अण्णा म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

सिद्राम गेला. एसी उघड्या दारानं चालू राहिला. पंधरा दिवस चालला. उंबरा गार झाला, तपकिरी कुत्रं दुपारभर तिथून हलेना. फक्त खोली गार होत नव्हती. काकी घोड्यासमोर खुर्ची घेऊन बसायच्या, समोरून गार, पाठीमागून एप्रिल. मी एकदा धीर करून म्हणाले, "अण्णा, दुपारचे दोन-चार तास तरी..." ते म्हणाले, "बाई, दुसरं काय बी सांगा."

मग एका दुपारी मी त्यांच्याकडे असतानाच काकी पाणी घ्यायला उठल्या आणि पडवीच्या मधोमध खाली बसल्या. पडल्या म्हणायला नको, पाय नुसते निघून गेले. मी आणि अण्णांनी दोन्हीकडून धरून उठवलं. त्या हसल्या. "पाय कुठं गेलं बगा जरा," म्हणाल्या. अण्णा हसले नाहीत. त्यांनी खाली वाकून काकींची पावलं दोन्ही हातांत धरली. मी नजर वळवली.

त्या संध्याकाळी अण्णा त्या खोलीच्या दाराशी काहीतरी करत होते. बिजागऱ्यांना तेल, कडीला तेल, चौकटीची मापं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दारामागची वीट काढलेली होती आणि दार बंद होतं. गल्लीतले लोक पुन्हा बघायला आले. एसी बघायला आले नसतील इतके, बंद दार बघायला आले.

खोली खरोखर गार झाली. आठवड्याभरात काकी पडवी न थांबता ओलांडू लागल्या. मे उजाडला तरी पाय जागेवर होते. संध्याकाळी मी गेले की चालून दाखवायच्या, शाळेतल्या मुलीसारख्या वळून परत यायच्या. मला इतका आनंद व्हायचा की मी त्यांना चक्क शाबासकी द्यायची.

"अण्णांनाही बरं वाटत असेल गारव्यात," मी एकदा म्हणाले.

"छ्या! त्यांच्या गुडघ्याला गार सोसत न्हाई. मला आत बसवून वाचनालयात जात्यात. पाचाला येत्यात."

मी मान डोलावली आणि घरी आले. पण हे काही माझ्या पचनी पडेना. आमचं वाचनालय दुपारी बारा ते चार बंद असतं. मी तिथली सभासद आहे. त्यात अण्णांना मी भिंतीखेरीज काहीही वाचताना पाहिलेलं नव्हतं. चौकशीचा माझा स्वभाव आहे, तो मी लपवत नाही. रोज भर दुपारी हा माणूस जातो कुठे?

उत्तर मला आमच्या गच्चीवर मिळालं. मी कुरडया घालून कावळे हाकत बसले होते. तिथून साळुंख्यांच्या पडवीचा एक कोपरा दिसतो. त्या कोपऱ्यात दोन पाय दिसत होते. जमिनीवर पसरलेले, न हलणारे. कुरडया टाकून मी जिना उतरले आणि मागच्या फाटकातून पडवीत शिरले.

अण्णा बंद दाराला पाठ लावून जमिनीवर बसले होते. एसीचा बाहेरचा भाग त्यांच्या हातभर अंतरावर घरघरत होता आणि त्याची सगळी झळ त्यांच्या अंगावर येत होती. सदरा भिजलेला. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"अहो अण्णा, काय हे!" मी कुजबुजले. "आत जाऊन बसा. गुडघ्याला शाल गुंडाळा."

"गुडघ्याला काय धाड भरलीया. तिला सांगू नका."

"मग इथे का?"

ते बोलायला लागले, एसीच्या आवाजाखालून, मला वाकून ऐकावं लागत होतं.

"सदुसष्टच्या त्या पहाटं आमी दोगं आत हुतो. लग्नाला वरीस झालं नव्हतं. समदं हाललं, चौकट वाकडी झाली आन दार आवळलं. मी कडी वडली, ती माज्या हातात आली. आतनं वडून आवळलेलं दार येत न्हाई, बाई. वरनं माती पडाय लागली. ही माजा हात धरून गप हुबी. तवा बाहेरनं कुणीतरी खांदा दिला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा दार आत पडलं. आमी भाईर आलो तवर त्यो फुडल्या दाराला गेला हुता. अंधारात त्वांड बी दिसलं न्हाई. पुढं जल्मभर इचारलं, ज्येच्या घरात भेग बगाय गेलो त्येला इचारलं. कुणीच न्हाई म्हणालं."

दारावर तळवा ठेवून ते म्हणाले, "दोगंबी आत बसलो तर चालत न्हाई. बाहेर कुणीतरी असाय लागतं."

गणिताच्या बाईनं सांगायला हवं होतं की साताऱ्यात, मे महिन्यातल्या नेमक्या याच दुपारी, भूकंप होण्याची शक्यता किती थोडी आहे. ते मी सांगितलं नाही. मी म्हणाले, "अण्णा, मला सुट्टी आहे. तुम्ही आत जा. मी बसते."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मला ओळखतात तेव्हापासून पहिल्यांदाच इतकं नीट.

"दार आत उघडतं. वडायचं न्हाई. ढकलायचं."

"बरं."

"हातानं न्हाई. खांदा. कडीच्या हिथं, जरा खाली. दावा बगू."

मी पदर खोचून खांदा लावून दाखवला. त्यांनी माझा पाय थोडा मागे घ्यायला लावला, पुन्हा दाखवायला सांगितलं, आणि समाधान झाल्यावर सदऱ्यानं तोंड पुसून, कडी वाजवून आत गेले. दार पुन्हा बंद झालं.

आतून काकींचा आवाज आला, "आज लवकर सुटलं वाचनालय?" अण्णा काहीतरी पुटपुटले. मग खुर्ची सरकली. आणि मग काकी म्हणाल्या, "आवं, हात किती तापल्यात तुमचं. आणा इकडं."

त्यापुढचं मी ऐकलं नाही. माझ्यासारखी चौकस बाई दाराला पाठ लावून बसते आणि ऐकत नाही, यावर आमचे हे अजून विश्वास ठेवत नाहीत. मी झळ खात बसले होते, तळवा जमिनीवर टेकवून. पलीकडच्या रस्त्यावरून दुपारचे ट्रक जात होते, आणि प्रत्येक ट्रकला जमीन जराशी थरथरली की मी उठून दाराला खांदा लावत होते.